वीज गेल्यावरची विजेरी : उजळ, परवडणारी आणि भरवशाची कशी निवडली?

घरासाठी विजेरी घ्यायला निघालेल्या माणसासमोर ल्युमेनचे (म्हणजे एकूण उजेडाच्या एककाचे) मोठमोठे आकडे, बॅटरीच्या क्षमतेचे दावे, झूम आणि पाच-सहा मोड यांचा इतका पसारा असतो की मुळात आपल्याला कशासाठी विजेरी हवी आहे तेच बाजूला पडते. म्हणून हा धागा काढत आहे. वीज जाते तेव्हा वापरण्यासाठी आपण कोणत्या प्रकारची विजेरी घेतली, काही महिन्यांच्या वापरानंतर ती कशी वाटते आणि पुन्हा घ्यायची झाल्यास काय पाहाल, हे कृपया कारणांसह लिहावे. कंपनीचे नाव लिहिले नाही तरी चालेल. कारण नीट लिहिले असेल तर ते कोणालाही उपयोगी पडते.

सुरुवात मीच करते. माझ्या मते पहिला प्रश्न 'किती उजळ' हा नसून 'किती वेळ उजळ' हा आहे. एका मेणबत्तीचा एकूण प्रकाश साधारण 12 ल्युमेन भरतो आणि जुन्या 40 वॅटच्या पिवळ्या बल्बचा 400 ल्युमेनच्या आसपास. या दोन आकड्यांच्या मध्ये घरातली बहुतेक कामे बसतात. विजेरी टेबलावर उभी करून झोत पांढऱ्या छतावर सोडला, तर 100 ते 150 ल्युमेनमध्ये एका मध्यम आकाराच्या खोलीत चालता-बोलता येते आणि माणसांचे चेहरे स्पष्ट दिसतात. वाचायचे असेल तर विजेरी जवळ घ्यावी किंवा मोड एक पायरी वाढवावा. हजार ल्युमेनची गरज घरात क्वचित पडते, आणि पडली तरी मिनिटभरासाठी.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पैसे नेमके तिथेच वाया जातात. विजेऱ्यांच्या मोजमापासाठी एफएल-1 नावाचे मानक 2009 पासून वापरात आहे. त्यानुसार उजेड विजेरी सुरू केल्यानंतर 30 सेकंद ते 2 मिनिटे या काळात मोजतात, आणि 'चालण्याचा कालावधी' म्हणजे तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. त्यामुळे '1000 ल्युमेन, 3 तास' असे लिहिलेले दोन्ही आकडे खरे असूनही हजार ल्युमेन तीन तास मिळतील असा त्याचा अर्थ होत नाही. हिशेब घरीही करता येतो. 3000 मिलिअँपिअर-तास (सेलच्या क्षमतेचे एकक) क्षमतेच्या एका लिथियम-आयन सेलमध्ये सुमारे 11 वॅट-तास ऊर्जा असते, आणि साध्या चांगल्या एलईडीपासून एका वॅटला ढोबळमानाने 100 ल्युमेन मिळतात. म्हणजे 100 ल्युमेनवर दहा-अकरा तास, तर 1000 ल्युमेनवर जेमतेम एक तास. आणि तो एक तासही कागदावरचाच, कारण तळहाताएवढ्या विजेरीला दहा वॅटवर चालताना होणारी उष्णता सतत बाहेर टाकता येत नाही आणि ती काही मिनिटांत स्वतःच उजेड कमी करते. म्हणून मी कमाल आकडा सोडून मधल्या मोडचा आकडा आणि त्याचा कालावधी वाचते. तो कुठेच दिलेला नसेल तर ती विजेरी बाजूला ठेवते.

घरात वृद्ध आई असणाऱ्या वाचकाचा अनुभव

वरील हिशेब पटला, पण आमच्याकडे निवड ठरली ती बटणावरून. आईच्या बोटांत आता जोर राहिलेला नाही. एकदा दाबले की मंद, दोनदा दाबले की मध्यम, दाबून धरले की बंद, असा क्रम तिच्या लक्षात राहत नव्हता, आणि मधेच लुकलुकणारा मोड लागला की ती घाबरून जात असे. त्यामुळे तिच्यासाठी सरकत्या बटणाची, चालू आणि बंद एवढेच करणारी, साधी विजेरी घेतली. ती सर्वांत स्वस्त होती आणि घरात सर्वांत जास्त तीच वापरली जाते.

दुसरी गोष्ट रात्रीची. अंधाराला डोळे पूर्णपणे सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात, आणि झोपेतून उठलेल्या वयस्क माणसाच्या डोळ्यांवर पाचशे ल्युमेनचा पांढरा झोत आला तर त्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. तोल जाण्याची भीती असते ती त्याच क्षणी. आमच्या दुसऱ्या विजेरीत अगदी मंद, मेणबत्तीहूनही कमी उजेडाचा मोड आहे. वीज गेली की ती पलंगाजवळ जमिनीकडे तोंड करून ठेवतो आणि ती रात्रभर चालते. वृद्ध किंवा लहान मुले घरात असतील त्यांनी विजेरीचा सर्वांत कमी उजेड किती आहे, हे आधी विचारावे असे मला मनापासून वाटते.

विद्युत दुरुस्तीची कामे करणाऱ्या एका वाचकाचा अनुभव

वीज गेल्यावर फ्यूज किंवा एमसीबी (बिघाड झाल्यास आपोआप पडणारा खटका) पाहायला जाणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून मी डोक्याला बांधायचीच विजेरी सुचवेन. स्वयंपाकघरातही तिचा उपयोग हातातल्या विजेरीपेक्षा जास्त होतो. फक्त समोरच्याशी बोलताना ती खाली झुकवावी. निळसर पांढऱ्या, स्वस्त एलईडीच्या उजेडात तपकिरी आणि लाल वायर सारखीच दिसते. उजेडात रंग किती खरे दिसतात हे सीआरआय या शंभरपैकी दिलेल्या आकड्याने सांगतात; बऱ्याच विजेऱ्यांत तो 70 च्या घरात असतो, पण 90 च्या वरचा मिळाला तर थोडा उजेड कमी पडला तरी तोच घ्यावा. वायर असो, औषधाची गोळी असो किंवा जखम असो, रंग खरा दिसणे महत्त्वाचे.

सेलविषयी एका वाचकाचा अनुभव

विजेरी टिकते की नाही हे बहुतेक वेळा सेल ठरवतो, असे माझे ठाम मत झाले आहे. आमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या विजेरीचा फायदा असा की सेल सहज मिळतो. परंतु अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत पडून राहिले की पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरट थर चढून विजेरीच निकामी होते. जुना आणि नवा सेल एकत्र घातला तर हा धोका वाढतो. त्यामुळे आम्ही नुसते पडून राहिले तरी हळू उतरणारे, पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरतो. त्यांचा दाब 1.5 ऐवजी 1.2 व्होल्ट असतो, तरी बहुतेक विजेऱ्या त्यावर व्यवस्थित चालतात. एकदाच थोडा जास्त खर्च होतो आणि तो पुढे वसूल होतो.

लिथियम-आयनमध्ये 18650 हा सेल सर्वत्र रुळलेला आहे. नाव त्याच्या मापावरून आले आहे: व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65 मिलिमीटर. या मापाच्या अस्सल सेलची क्षमता 3500 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. म्हणून वेष्टनावर 6000 किंवा 9900 लिहिलेले असेल तर ते खोटे आहे, हे निःशंकपणे समजावे. अस्सल सेलचे वजन 45 ते 50 ग्रॅम भरते, त्यामुळे हलका लागणारा सेल घरच्या वजनकाट्यावरही पकडता येतो. असे सेल संरक्षक सर्किट असलेले घ्यावेत, किल्ल्यांसोबत सुटे ठेवू नयेत, आणि फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल पुन्हा वापरू नये. आतला सेल बदलता येत नाही अशी विजेरी कितीही स्वस्त असली तरी मी टाळतो, कारण दोन-तीन वर्षांनी सेल थकला की सगळी विजेरीच टाकावी लागते. जुन्या चार्जिंगच्या विजेऱ्यांत सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी असे. ती रिकामी पडून राहिली की कायमची बिघडते, हे अशी विजेरी अजूनही वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

चार्जिंगच्या सी-पोर्टबद्दलही एक सूचना. काही स्वस्त विजेऱ्यांत पोर्ट सी प्रकारचा असतो, पण आतले आवश्यक रोधक बसवलेले नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने त्या चार्जच होत नाहीत. विजेरी बिघडली असे समजण्याआधी जुन्या चपट्या टोकाची केबल लावून पाहावी.

लांब झोताबद्दल

घराबाहेर अंगण, जिना किंवा गच्चीवरची टाकी पाहायची असेल तरच लांब झोत कामाचा. झोत किती दूर जाईल हे ल्युमेनवर नव्हे, कँडेलावर (म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या उजेडाच्या तीव्रतेवर) ठरते, आणि अंतर दुप्पट हवे असेल तर कँडेला चौपट लागतात. झूमच्या भिंगाने झोत आवळला की समोर फक्त एक लहानसा चौकोन लख्ख उजळतो आणि पायाजवळ काही दिसत नाही. पसरट झोताची विजेरी घरात बरी. झोत टोचत असेल तर दुधी प्लास्टिकचा डबा त्यावर पालथा घालावा. उत्तम कंदील होतो.

विजेरी तयार ठेवण्याबद्दल एका वाचकाचा छोटा अनुभव

आमची विजेरी दाराजवळच्या खुंटीला असते आणि तिच्यावर अंधारात चमकणारी पट्टी लावली आहे. दाबायचे इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या विजेऱ्या बंद असतानाही थोडी वीज खात राहतात, म्हणून कपाटात ठेवायच्या विजेरीचे मागचे टोपण पाव फेरा सैल करून ठेवतो. त्याने प्रवाह तुटतो आणि चुकून बटण दाबले गेले तरी ती आतल्या आत पेटत नाही. मात्र हे सर्वच विजेऱ्यांत होत नाही. टोपण सैल केल्यावर बटण दाबून ती खरोखर बंद राहते का, ते एकदा तपासावे, आणि ती घट्ट करून कशी लावायची हे घरातल्या प्रत्येकाला उजेड असतानाच दाखवून ठेवावे.