प्रदूषण, दूषण, संदूषण: कुठे कोणता शब्द?

राखेच्या तळ्यांखालच्या भूजलावरचा एक लेख मराठीत आणते आहे. कोळसा जाळून वीज तयार करताना उरलेली राख बऱ्याच ठिकाणी पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. तळाला अस्तर नसेल तर राखेतलं आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन हळूहळू खाली झिरपतं, असा विषय आहे. मूळ लेखात 'पोल्यूशन' आणि 'कंटॅमिनेशन' असे दोन शब्द येतात आणि मी दोन्हींना 'प्रदूषण' लिहीत गेले. मग एका वाक्यापाशी अडले. त्याचं मराठी झालं: 'प्रत्येक प्रदूषण हे प्रदूषण असतंच असं नाही.' दुसऱ्यासाठी कोणता शब्द घ्यावा? 'दूषितीकरण' जिभेवर बसत नाही आणि 'संदूषण' हिंदीतून उचलल्यासारखं वाटतं.

---

तुम्ही अडलात ते योग्य ठिकाणी. जो पदार्थ जिथे नसायला हवा तिथे तो आला, किंवा निसर्गतः असतो त्यापेक्षा जास्त झाला, की कंटॅमिनेशन. त्यातून अपाय व्हायला लागला, की पोल्यूशन. पहिलं मोजून कळतं, दुसरं परिणामांवरून. मराठीत दोन्ही एकाच टोपलीत टाकल्यामुळे 'पाण्यात आर्सेनिक सापडलं' आणि 'ते पाणी पिऊन माणसं आजारी पडतात' ही दोन विधानं एकमेकांत मिसळतात. मग ज्याला हात झटकायचे असतात त्याचं फावतं. कुणी आजारी पडलं नाही ना, मग प्रदूषण कसलं, असं तो म्हणू शकतो. आर्सेनिक मात्र तिथेच असतं.

उलटही घडतं. वीजकेंद्र यंत्रणा थंड ठेवायला नदीचं पाणी घेतं आणि गरम करून परत सोडतं. त्यात कशाचाही कण मिसळलेला नसेल, तरी 20 अंश सेल्सियसला लिटरभर गोड्या पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो आणि 30 अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय गरम पाण्यात माशाच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. हे प्रदूषण आहे, पण 'कंटॅमिनेशन' नाही, कारण बाहेरून आली ती फक्त उष्णता. गोंगाट आणि रात्रीचा झगझगीत उजेड यांचंही तसंच.

म्हणून 'संदूषण' घ्याच. हिंदीत तो रुळला आहे हे खरं, पण शब्द संस्कृतातला आहे, तुमचाही तितकाच. 'सम्' म्हणजे एकत्र येणं: संयोग, संपर्क, संसर्ग. काहीतरी येऊन मिसळलं, हा अर्थ त्यात न सांगता येतो. दोन्ही शब्दांच्या पोटात 'दूषण' आहेच. दुष् या धातूपासून आलेलं, 'दोष'चं सख्खं भावंड. (रामायणातल्या खराच्या भावाचं नावही दूषण.) पर्यावरणाचा विषय येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण 'दूषण देणं' म्हणत आलो आहोत, म्हणजे दोष कुणाचा ते सांगणं. आज 'प्रदूषण' म्हणताना नेमका तो 'कुणाचा' गळून पडतो, ही मला या शब्दाची सर्वांत मोठी पडझड वाटते.

एका ठिकाणी मात्र हा फरक जिवावर बेतणारा असतो. बातम्यांत 'किरणोत्सर्गाची लागण' असं छापून येतं. लागण जंतूंची होते, ते शरीरात वाढतात. क्ष-किरण तपासणी करून आलेला माणूस अंगात किरणं घेऊन घरी येत नाही, त्याच्यापासून लांब राहायचं कारण नाही. तो किरणांच्या संपर्कात आला, एवढंच. किरणोत्सर्गी भुकटी अंगाला, कपड्यांना लागली तर ते संदूषण, आणि ते हातोहात पसरतं.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात सप्टेंबर 1987 मध्ये हेच झालं. ओस पडलेल्या उपचारकेंद्रात राहून गेलेलं कर्करोगाच्या उपचाराचं यंत्र भंगारात गेलं आणि फोडलं गेलं. आत सीझियम-137 ची भुकटी होती. अंधारात ती निळी चमकायची. लोकांनी कौतुकाने ती नातलगांना वाटली, अंगाला चोळली. सहा वर्षांच्या एका मुलीने भुकटी लागलेल्या हातांनी जेवण केलं. चार माणसं गेली, त्यांत ती मुलगी होती. सुमारे 1,12,000 लोकांची तपासणी झाली आणि 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं. त्या रांगेतल्या बाकीच्यांना कुणी 'लागण झालेले' म्हटलं असतं तर? एका शब्दाने त्यांना वाळीत टाकलं असतं.

अणुवीजकेंद्राच्या अपघातांबद्दल लिहिताना हे फार जपावं लागतं. सीझियम-137 चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 30 वर्षं, आयोडीन-131 चा 8 दिवस. चेर्नोबिलमधून 1986 मध्ये दोन्ही बाहेर पडली. आयोडीन काही महिन्यांत जवळपास संपलं, सीझियम आजही मातीत आहे. ही माती 'संदूषित' आहे. 'बाधित' म्हणायचं ते माणसांना.

---

एवढं संस्कृत कशाला? 'बाटलेलं पाणी' म्हणा, अस्सल मराठी आहे.

---

नको. तो शब्द माणसांवर वापरला गेला आहे, त्यांना पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी. आर्सेनिकाच्या पाण्याला तो लावून मला त्याला नव्याने प्रतिष्ठा द्यायची नाही.

बाकीचे साधे शब्दही तपासून बघा. 'नासणं' आतून होतं. दूध नासायला बाहेरून कुणी काही घालावं लागत नाही. 'भेसळ' मुद्दाम, फायद्यासाठी करतात. 'गढूळ' डोळ्यांना दिसतं, पण विरघळलेलं आर्सेनिक असलेलं पाणी काचेसारखं नितळ असतं, वास नाही, चव नाही. म्हणून तर ते इतकं घातक. 'दूषित' हे विशेषण मात्र बिनधास्त वापरा, ते सगळ्यांना कळतं. अडचण फक्त नामाची आहे.

जाता जाता 'तेलगळती'बद्दल. गळती म्हटली की टपटपणारा नळ आठवतो. मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 ला डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट झाला, त्यानंतर समुद्रतळावरच्या विहिरीतून तेल 87 दिवस उसळत होतं. सरकारी अंदाज 49 लाख पिंपांचा. याला गळती म्हणणं मला पटत नाही. 'तेल उसळलं', 'तेल फुटलं' असं क्रियापद वापरून सांगता येतं, प्रत्येक वेळी नाम कशाला हवं?

क्रियापदाचंच निघालं म्हणून सांगतो. 'पाणी संदूषित झालं' आणि 'पाणी संदूषित केलं' यांत मराठी आपल्याला निवड देते, आणि आपण सवयीने 'झालं' लिहितो. 'प्रदूषण वाढलं' हे तर थंडी वाढल्यासारखं वाटतं. लेखात कर्ता ठाऊक असेल तर तो वाक्यात येऊ द्या. अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टन इथे 22 डिसेंबर 2008 ला राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि 40 लाख घनमीटरहून अधिक ओली राख घरांवर, नदीत गेली. तिथे 'राख वाहून गेली' असं लिहिलं तर बांध कुणाचा होता हे विचारायचंच राहून जातं.

---

आभारी आहे. अडलेलं वाक्य आता असं केलं: 'प्रत्येक संदूषणातून प्रदूषण होतंच असं नाही, पण संदूषण झालंय की नाही हे कळायला कुणी आजारी पडायची वाट बघावी लागत नाही.' दुसरा अर्धा भाग मूळ लेखात पुढच्या वाक्यात होता, तो जोडून घेतला.

आणि तुम्ही म्हणालात म्हणून 'झालं' मोजले. एकूण सात. त्यांतल्या चार ठिकाणी मूळ लेखकाने तळं कुणाचं ते स्पष्ट दिलेलं होतं, मीच ते गाळलं होतं. चारही ठिकाणी 'केलं' करून मालकाचं नाव परत घातलं आहे. उरलेल्या तिन्हींत पाणी कुठून उतरलं हे अजून कुणी तपासलेलं नाही, तिथे 'झालं'च राहू दिलं.