हेडफोन वाढवला की हॉलचा आवाजही वाढतो, त्याबद्दल

एका वादकाने विचारलंय की कार्यक्रमात डिजिटल पियानो वाजवताना हेडफोनमध्ये स्वतःला नीट ऐकू यावं म्हणून पियानोचा व्हॉल्यूम वाढवला, की साउंडवाला लांबूनच हातवारे करतो. करणारच. बहुतेक पोर्टेबल डिजिटल पियानोंना व्हॉल्यूम एकच असतो. स्पीकर, हेडफोन आणि लाइन आउट (मिक्सरकडे आवाज नेणारं भोक) सगळं त्याच्याच ताब्यात. साउंडचेकला तो पाऊण भागावर ठेवा आणि कार्यक्रम संपेपर्यंत हात लावू नका. स्वतःसाठीचा आवाज मिक्सरच्या ऑक्समधून (वादकाला वेगळा आवाज देणारी वाट) घ्या. ऑक्स प्री-फेडर, म्हणजे हॉलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरच्या (सरकपट्टीच्या) आधीचा आहे ना, हे आधी विचारा. नाहीतर निवेदनाच्या वेळी फेडर खाली आला की तुमच्या कानातला पियानोही जातो. ऑक्स द्यायला कुरकुर झाली (होतेच), तर शेजारी चार चॅनलचा छोटा मिक्सर ठेवा. पियानो त्यात जोडा. हॉलकडे जाणारा मेन आउट एकदा लावून सोडायचा, हेडफोनचं बटण वेगळं असतं, ते हवं तसं फिरवा.

यामाहा पी-४५ सारख्या पियानोला लाइन आउटच नाही, फक्त हेडफोनचं भोक. तिथे खरी गोम आहे. त्यातून स्टीरिओ केबल काढून थेट मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांवरच्या आवाजातला फरक घेणाऱ्या भोकाला) लावली, की तो इनपुट डावा-उजवा आवाज एकमेकांतून वजा करतो. दोन्हीकडे सारखा असलेला भाग गायब, उरतो तो पोकळ, नाकातला पियानो. मग सगळे ईक्यू (आवाजाचा पोत बदलणारी बटणं) फिरवत बसतात. एका स्टीरिओ जॅकमधून दोन मोनो जॅक निघणारी वाय केबल घ्या आणि दोन चॅनल मागा, किंवा स्टीरिओ डीआय (वाद्य मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) वापरा.