बागकामाच्या जागी रोजची स्वच्छता आणि सुरक्षितता कशी राखावी?

प्रश्न

नमस्कार. मी बागा उभारण्याची छोटी कामे घेतो. आम्ही एकूण सात जण आहोत. सध्या एकाच आवारात माती भरणे, फरशी बसवणे आणि जुनी झुडपे काढणे अशी तिन्ही कामे चालू आहेत आणि घरातील माणसांची ये-जाही त्याच वाटेने होते. रोज संध्याकाळी आम्ही तासभर आवराआवर करतो. तरीही गेल्या आठवड्यात पाल्याखाली दडलेल्या दंताळ्यावर एका सहकाऱ्याचा पाय पडला आणि दांडा उसळून त्याच्या कपाळावर बसला. जखम किरकोळ होती, पण डोळा थोडक्यात वाचला, हे मनातून जात नाही. आवरण्यासाठी अधिक वेळ द्यावा की कामाची पद्धतच बदलावी?

उत्तर १

पद्धत बदलावी. संध्याकाळची आवराआवर दुपारच्या अपघाताला अडवू शकत नाही. पहिली कुदळ मारण्यापूर्वीच माती, पाला, अवजारे आणि ये-जा यांच्या जागा चुन्याने आखून घ्या आणि ये-जा करण्याच्या वाटेवर घमेलेसुद्धा ठेवू देऊ नका. दंताळे वापरात नसेल तेव्हा भिंतीला उभे टेकवावे किंवा दात जमिनीकडे करून ठेवावे. छाटलेला पाला त्याच वेळी ताडपत्रीवर पडला, तर ती ओढून नेता येते आणि त्याखाली काही दडत नाही.

मातीच्या ढिगाबाबत विशेष काळजी घ्यावी. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. त्यामुळे चराच्या अगदी काठावर ढीग घातल्यास काठ ढासळू शकतो. निदान 60 सेंटिमीटर अंतर सोडावे आणि दीड मीटरपेक्षा खोल चरात बाजूंना आधार दिल्याशिवाय कोणालाही उतरवू नये. तोच ढीग जुन्या झाडाच्या बुंध्याशी घातला, तर दबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि त्याचा परिणाम काम संपल्यावर बऱ्याच काळाने दिसतो.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र यंत्रांबद्दलही लिहायला हवे. ब्रशकटरच्या (गवत-झुडपे कापणाऱ्या यंत्राच्या) पात्याखाली आलेला खडा गोळीसारखा उडतो, म्हणून चालवणाऱ्यापासून 15 मीटरच्या आत इतर कोणी असू नये, आणि कोणी आलेच तर यंत्र आधी बंद करावे. फरशी कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका (दगड-वाळूतील खनिज) असते व ती फुप्फुसांना कायमची इजा करते, त्यामुळे पाणी सोडत कापणे आणि योग्य मास्क वापरणे दोन्ही आवश्यक आहे. ती धूळ कोरड्या झाडूने झाडू नये; पुन्हा हवेत उडते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. जागा उद्याच आखतो. पाणी सोडून कापल्यावर पांढरा गाळ वाटेवर पसरतो व पाय घसरतो, त्याचे काय करावे?

उत्तर २

कापण्याची जागा वाटेपासून दूर, सपाट ठिकाणी ठेवा आणि उताराकडील बाजूला वाळूच्या पिशव्या लावून पाणी अडवा. गाळ तळाशी बसल्यावर तो ओलसर असतानाच फावड्याने गोळा करून राडारोड्याबरोबर पाठवावा. गटारात सोडू नये, कारण तो तेथे घट्ट बसतो.