शब्दचर्चा : फुलपाखरांच्या पेटीवर ‘जाती’ लिहावं की ‘प्रजाती’?

(प्रत्येक नोंदीआधी लिहिणाऱ्याचं गाव.)

चिपळूण : महाविद्यालयातल्या फुलपाखरं आणि पतंगांच्या पेट्या नव्याने लावायच्या आहेत. जुन्या पेट्यांवर कुठे ‘जाती’ लिहिलंय, कुठे ‘प्रजाती’, तर एकीवर नुसतं ‘प्रकार’. तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. नव्या चिठ्ठ्यांवर कुठला शब्द घ्यावा? आणि टाचणीखालच्या चिठ्ठीवर मराठी नाव चालेल का?

दापोली : शास्त्रीय मराठीत यात गोंधळ नाही. स्पीशीज म्हणजे जाती, जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट, तो प्रजाती. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात क्रमच आहे : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. मराठी विश्वकोशही तसंच लिहितो. गडबड हिंदीमुळे होते. हिंदीत स्पीशीजला ‘प्रजाति’ आणि जीनसला ‘वंश’ म्हणतात. वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला आणि ‘नवी प्रजाती सापडली’ हे वाक्य रूढ झालं. शिवाय ‘जात’ म्हटलं की आपल्याकडे भलतंच डोळ्यांपुढे येतं, म्हणूनही लोक ‘प्रजाती’कडे वळत असावेत.

उदाहरण घ्या. लिंबावर वाढणारं डेमोलिअस, कढीपत्त्यावर येणारं पॉलिटेस आणि मोठं निळं-काळं पॉलिम्नेस्टर. या तीन जाती, पण प्रजाती एकच, पॅपिलिओ. पेटीत त्यांचे १४ नमुने असतील तर झाकणावर ‘प्रजाती १, जाती ३, नमुने १४’ असं यायला हवं. जुन्या नोंदवहीत ‘प्रजाती ३’ असेल, तर लिहिणाऱ्याने कुठला अर्थ धरला होता ते पेटी उघडल्याशिवाय कळत नाही.

वेंगुर्ला : पण रूढी नावाची काही चीज आहे ना? वाचणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना ‘प्रजाती’ म्हणजे स्पीशीजच वाटतं. त्यांना चुकीचं ठरवून काय मिळणार?

दापोली : बातमीत खुशाल लिहा, तिथे एकाच शब्दाची गरज असते. संग्रहाच्या खणात दोन्ही लागतात. स्पीशीजला ‘प्रजाती’ म्हणायचंच असेल तर जीनसला ‘वंश’ म्हणा आणि ते सगळ्या पेट्यांवर पाळा. अर्धं मराठी, अर्धं हिंदी झालं की पाच वर्षांनी येणाऱ्या माणसाचे हाल. माझं मत ‘जाती’लाच. अनेकवचन एकवचनासारखंच राहतं म्हणून अडखळायला होतं, तेवढाच त्याचा दोष.

सावंतवाडी : ‘प्रकार’ मात्र काढूनच टाका. त्या पेटीत बहुधा एकाच जातीची वेगवेगळी रूपं असणार. पॉलिटेसच्या माद्या तीन रूपांत दिसतात. एक नरासारखी, एक ‘गुलाब’ नावाच्या म्हणजे ॲरिस्टोलोकिई फुलपाखरासारखी, एक हेक्टर या फुलपाखरासारखी. नवखा माणूस त्यांचे तीन ‘प्रकार’ लावतो. शब्द ‘रूप’ घ्या, आणि ऋतूप्रमाणे बदलणाऱ्यांना ‘ऋतुरूप’. संध्याकाळी उडणाऱ्या मेलॅनिटिस लीडाच्या पावसाळी रूपात पंखांच्या खालच्या बाजूला डोळे, म्हणजे डोळ्यांसारखे ठिपके, ठळक असतात. कोरड्या दिवसांत तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखं, डोळे जवळजवळ पुसलेले.

म्हणून तारखेत महिना रोमन आकड्यात लिहायची पद्धत आहे. ५/७ लिहिलंत तर ५ जुलै की ७ मे? कोकणात या दोन तारखांमध्ये अख्खा ऋतू बदलतो, आणि ऋतुरूप ओळखायला तारीख हाच आधार.

अलिबाग : मराठी नावाबद्दल. टाचणीवर नको. पॉलिम्नेस्टर हे २०१५ पासून राज्याचं फुलपाखरू. त्याला कुणी ‘नीलवंत’ म्हणतं, कुणी ‘राणी पाकोळी’. आता वेंगुर्ल्याच्या माणसाला विचारा पाकोळी म्हणजे काय.

वेंगुर्ला : पक्षी! बंदरासमोरच्या खडकांवर लाळेचं घरटं बांधतो तो. काही ठिकाणी लहान वटवाघळालाही पाकोळी म्हणतात.

अलिबाग : तेच. आणि ‘पतंग’ म्हटलं की संक्रांत. मराठी नावं पेटीबाहेरच्या मोठ्या कार्डावर हौसेने लिहा, पाहणाऱ्यांना आवडतात. टाचणीवर शास्त्रीय नाव रोमन लिपीतच लिहावं. देवनागरीत पॅपिलिओ, पापिलिओ, पॅपिलियो अशी तीन रूपं होतात आणि यादी अकारविल्हे लावताना तीन जागी विखुरतात.

गावाचं नावही रोमन लिपीत, पण तालुका आणि जिल्ह्यासकट. सिंधुदुर्गातली आंबोली आणि मुंबईत अंधेरीजवळची अंबोली रोमनमध्ये एकसारखी दिसतात. एक सुमारे ६९० मीटरवरचं पावसाचं जंगल, दुसरी शहरात. जुन्या चिठ्ठ्यांचा वेगळाच घोळ. १९८१ पूर्वीचा सावंतवाडीचा नमुना ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणतो, कारण सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झालेला नव्हता. आणि ‘कुलाबा’ वाचून मुंबईच्या टोकाला जाऊ नका, १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं. जुनी चिठ्ठी दुरुस्त करायची नाही. तिच्याखाली नवी लावून आजचा जिल्हा लिहायचा.

चिपळूण : म्हणजे एका टाचणीवर दोन चिठ्ठ्या?

सावंतवाडी : कमीत कमी दोन. वरची स्थळचिठ्ठी, खालची नावचिठ्ठी. स्थळचिठ्ठीवर देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव आणि पद्धत : जाळी, दिव्याचा पडदा की अळीपासून वाढवलेला. नावचिठ्ठीवर प्रजाती आणि जाती, नाव देणाऱ्या संशोधकाचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव आणि वर्ष. या दोन गोष्टी एकाच चिठ्ठीवर घालू नयेत. स्थळ ही घडलेली गोष्ट, ती बदलत नाही. नाव हे मत, आणि मत बदलतं. पॉलिटेस म्हणून लावलेला नमुना उद्या दुसरं काही निघाला तर नवी नावचिठ्ठी जोडायची, जुनी काढायची नाही. खात्री फक्त प्रजातीपर्यंत असेल तर तेवढंच लिहा. पतंगांच्या बऱ्याच जातींची ओळख जननेंद्रियं काढून पाहिल्याशिवाय पटत नाही. अंदाजाने जाती लिहून ठेवली की पुढचा माणूस तीच खरी धरतो.

चिठ्ठी साधारण १८ × ८ मिमी, अक्षर ४ ते ५ पॉइंट. टाचणी चिठ्ठीच्या मधून घालताना अक्षरांवरून जाऊ देऊ नका. चिठ्ठ्यांची उंची सारखी यावी म्हणून पायऱ्यांचा ठोकळा (वेगवेगळ्या खोलीची भोकं असलेला) वापरा, नाहीतर खण उघडल्यावर सगळं वरखाली दिसतं आणि काहीच वाचता येत नाही.

दापोली : कागद आम्लरहित, जाडसर, शक्यतो सुती लगद्याचा. साध्या इंकजेटची शाई जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पसरते. पिगमेंट शाई किंवा हाताने लिहायची काळी चायना इंक टिकते. लेझरचं अक्षर कागदावर नीट बसलं नसेल तर त्याचे पापुद्रे सुटतात.

टाचण्या स्टेनलेसच्या घ्या, बहुतेक फुलपाखरांना २ किंवा ३ नंबर. पितळी टाचणी लठ्ठ पतंगात घातली की अंगातली चरबी पितळेतल्या तांब्याशी लागते आणि हिरवा थर फुगून शेवटी अंगच फुटतं. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तसंच. खोड पोखरणाऱ्या अळ्यांच्या पतंगांत हे जास्त होतं.

तळाला थर्मोकोल नको. डांबरगोळीची वाफ त्याला मऊ करते, टाचणी हलते आणि नमुना शेजाऱ्यावर पडतो. कॉर्क किंवा दाट फोम घाला. डांबरगोळीने बुरशीही थांबत नाही. त्यासाठी हवाबंद पेटी आणि ओल शोषणारं सिलिका जेल लागतं, आणि जेलचा रंग पालटला की ते ओव्हनमध्ये तापवून परत. नमुन्याखाली बारीक भुकटी दिसली तर आत संग्रहालयी भुंग्याची अळी आहे. पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वजा २० अंशांना आठवडाभर ठेवा. घरच्या फ्रीजरला दोन आठवडे द्या. बाहेर काढल्यावर पेटी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं.

चिपळूण : खणात क्रम कसा लावायचा?

सावंतवाडी : कुल, उपकुल, मग प्रजाती. प्रजातीच्या आत जाती अकारविल्हे लावल्या तरी चालतं, शोधायला सोपं जातं. प्रत्येक जातीला वेगळं छोटं खोकं द्या. आधी नर, मग मादी, मग रूपं, आणि एखादा नमुना खालची बाजू दिसेल असा उलटा. प्रत्येक प्रजातीनंतर एक खोकं रिकामं सोडा. आज खण भरगच्च लावलात तर पुढच्या पावसाळ्यानंतर चार खण सरकवावे लागतील.

अलिबाग : पेटीवर ‘अनुसूची १’, ‘अनुसूची २’ असं लिहिलेलं असेल तर तेही तपासा. वन्यजीव कायद्याच्या सहा अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीत चार झाल्या. जुना आकडा आता तोच अर्थ देत नाही. लिहायचंच तर सोबत वर्ष लिहा.

चिपळूण : आणि ज्या नमुन्यांना स्थळचिठ्ठीच नाही?

दापोली : ‘स्थळ अज्ञात’. पेटीवर गाव लिहिलंय म्हणून ते चिठ्ठीवर उतरवू नका. उतरवायचंच असेल तर चौकटी कंसात टाका आणि ‘पेटीवरून’ एवढं जोडा. त्यांना जातीच्या खोक्यात घालू नका, वेगळ्या खणात ठेवा. मुलांना पंख कसे पसरायचे ते शिकवायला तेच वापरता येतात.