नाताळचे टीव्ही सिनेमे : शेवट ठाऊक असूनही आपण का बघतो? (अनुभव लिहा)

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. एकीकडे मी चकलीची भाजणी भाजायला घेते आणि दुसरीकडे टीव्हीवर हॉलमार्क या अमेरिकन चॅनेलचे नाताळचे सिनेमे लागतात. दारात अजून हॅलोविनचे भोपळे मांडलेले असतात, पण पडद्यावर बर्फ पडायला लागलेला असतो. 'काउंटडाऊन टू ख्रिसमस' या नावाने हे २००९ पासून चालू आहे. २०२१ आणि २०२२ साली तर एकेका हंगामात चाळीसच्या आसपास नवे सिनेमे आले.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. मोठ्या शहरातली कामात बुडालेली मुलगी कुठल्याशा कारणाने लहान गावात येते. तिथे चौकड्यांचा शर्ट घालणारा कुणीतरी असतो. त्याची नाताळच्या झाडांची शेती असते, नाहीतर वडिलांचं जुनं हॉटेल. काहीतरी बंद पडायला आलेलं असतं, ते २४ तारखेच्या आत वाचवायचं असतं. मग गैरसमज, मग चौकातले दिवे, मग बर्फ.

मी २०१२ च्या डिसेंबरात मिनियापोलिसला आले. डिपेंडंट व्हिसा, नोकरीची परवानगी नाही, गाडी येत नाही. साडेचारला अंधार पडायचा आणि नवरा साडेसहाला घरी यायचा. त्या दोन तासांत मी हे सिनेमे बघायला लागले. प्रेमकथेत मला फार रस नव्हता. माझं मन अडकलं ते गावात. नवीन आलेल्या त्या बाईला दुसऱ्या दिवशी बेकरीवाली नावाने हाक मारते. तिसऱ्या दिवशी तिला झाड सजवायला बोलावतात. कुणी ना कुणी सारखं दार वाजवत असतं. आमच्या इमारतीत माझं दार त्या अख्ख्या महिन्यात एकदाच वाजलं, तेही पार्सलवाल्याने. ती बाई त्या गावात रुजणार याची मला पहिल्या पाच मिनिटांपासून खात्री असायची. ती खात्री मला हवी होती.

तुम्ही कधी बघायला लागलात, कशासाठी बघता, की मुळीच सहन होत नाहीत? मोकळेपणाने लिहा.

ओटावाहून

आमच्यापासून पाऊण तासावर आल्मोंट नावाचं गाव आहे. जुन्या कापड गिरण्या, मधून वाहणारी नदी, उतारावरची मिल स्ट्रीट. बास्केटबॉल हा खेळ शोधणाऱ्या जेम्स नेस्मिथचा जन्म याच परिसरातला. आता मात्र गाव ओळखलं जातं ते या सिनेमांच्या चित्रीकरणासाठी.

एकदा जुलैत आईबाबांना घेऊन फिरायला गेलो तर रस्ता अडवलेला. उन्हाने जीव नकोसा झालेला, आणि समोर दुकानांच्या पायऱ्यांवर बर्फ! जवळ गेल्यावर कळलं, गादीतल्या कापसासारखी पांढरी जाड चादर अंथरून तिच्या कडा फेसाने बुजवल्या होत्या. फुललेल्या जिरॅनियमच्या कुंड्या देवदाराच्या फांद्यांनी झाकल्या होत्या. नायिका लोकरी कोट आणि मफलर घालून उभी. 'कट' झालं की एक मुलगी धावत येऊन तिच्या मानेवर छोटा पंखा धरायची. आई तिच्याकडे बघून कळवळली, म्हणाली, "अगं, त्या पोरीला आधी पाणी द्या कुणीतरी."

दीड वर्षाने तो सिनेमा घरी बघितला. बर्फ खराच वाटला. आईला पुण्याला फोन लावून टीव्हीसमोर धरला, आणि ती एकदम म्हणाली, "त्या कोपऱ्यावर आपण आइस्क्रीम खाल्लं होतं!" त्या दिवसापासून आमच्या घरात आल्मोंट हे 'आपलं गाव' आहे.

लेस्टरहून

मी नर्स आहे. इथे चॅनेल फाइव्हवर नोव्हेंबरपासून दुपारी असले सिनेमे लागतात. रात्रपाळी करून आले की मला झोप लागत नाही, डोकं वॉर्डातच असतं. सोफ्यावर पडून सिनेमा लावते. मध्येच डोळा लागतो. जाग येते तेव्हा ती दोघं जिंजरब्रेडचं घर बांधत असतात, म्हणजे अर्धा झाला. पुन्हा झोपते. काही चुकत नाही.

वॉर्डात बारा तास मी ज्यांच्याजवळ बसते त्यांचं पुढे काय होणार हे मला माहीत नसतं. घरी आल्यावर तरी माहीत असावं असं वाटतं. यापलीकडे मला कारण सांगता येणार नाही.

सॅन होजेहून

मला हे सिनेमे आवडत नाहीत आणि ते मी जपून सांगत नाही. सतरा वर्षं मी कोडिंग करते आहे. ही नोकरी मिळवायला माझ्या आईने काय काय केलं ते मला माहीत आहे. आणि पडद्यावर दर वेळी तीच शिकवण : बाईचं करिअर म्हणजे तिच्या मनातली थंडी, आणि ती वितळवायला बेकरीवाला पाहिजे. तिचा शहरातला मित्र नेहमी फोनवर बोलणारा, रुक्ष. का? शहरात प्रेमळ माणसं नसतात का? माझी अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसून हे बघते. मी तिला दर वेळी विचारते, "ही आता काय काम करणार?" तिला उत्तर सापडत नाही, कारण सिनेमात ते नसतंच.

आणि कितीतरी वर्षं या सिनेमांत गोऱ्या जोडप्यांशिवाय कुणाला जागाच नव्हती. हॉलमार्कच्या नाताळ सिनेमात मध्यवर्ती समलिंगी जोडपं यायला २०२० उजाडलं. अलीकडे बदल दिसतो हे मान्य, पण तो फार उशिरा आला.

व्हँकुव्हरजवळून

सॅन होजेच्या ताईंचं म्हणणं पटतं. हल्ली पुष्कळ कथांत नायिका काम सोडत नाही, ते गावात घेऊन येते. पण ते शेवटच्या दोन मिनिटांत उरकलेलं असतं, हेही खरं.

मी या सिनेमांच्या ध्वनीवर काम करते, म्हणून थोडं आतलं लिहिते. दोन तासांच्या वेळेत जाहिराती वजा जाता सिनेमाला साधारण पंच्याऐंशी मिनिटं मिळतात. पटकथा नऊ अंकांत लिहितात, कारण मध्ये आठ वेळा जाहिराती येतात. प्रत्येक अंक अशा जागी तोडायचा की माणूस उठून गेला तरी परत यावा. पहिला अंक सगळ्यात लांब, कारण प्रेक्षकाला बसतं करायचं असतं. ओठ जवळ आले आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, हा प्रसंग कुठे येणार हे घड्याळ लावून सांगता येतं. चित्रीकरण पंधराएक दिवसांत संपवतात. इतक्या कमी दिवसांत काम करायचं तर सगळ्यांना वाट आधीपासून पाठ असावी लागते. तुम्हाला जो साचा दिसतो तो आमच्यासाठी नकाशा आहे.

आता माझी आवडती गोष्ट. कापसाच्या बर्फाला आवाज नसतो. नायिका चालते तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणात फक्त डांबरी रस्त्यावरचे बूट वाजतात. मग आम्ही कॉर्नफ्लोअर भरलेली चामड्याची पिशवी मुठीत दाबतो, पावलागणिक एकदा. कर्र... कर्र... ताज्या बर्फाचा हुबेहूब आवाज. ती दबकत येत असेल तर हळू दाबायचं, रागाने निघून जात असेल तर झटक्यात. शेवटच्या प्रसंगात तो तिच्याकडे चालत येतो, तेव्हाची पावलं मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ती सावकाश हवीत, आणि शेवटच्या दोन पावलांत किंचित घाई हवी. तो हो म्हणणार हे जगाला माहीत आहे, पण ते त्याच्या पावलांना नुकतंच कळलेलं असतं.

वसईहून

आम्ही ख्रिस्ती. मी हे सिनेमे नेटफ्लिक्सवर बघते आणि आवडीने बघते. पण एक गोष्ट मला दर वेळी खुपते. इतका सगळा नाताळ, झाडं, दिवे, कुकीज, गाणी, आणि मध्यरात्रीच्या मिस्साला कुणी जात नाही. गोठा नाही, त्यात निजवायचं बाळ नाही. आमच्याकडे गोठ्यासाठी पेंढा आणण्यापासून नाताळ सुरू होतो. बाळ येशूची मूर्ती त्या रात्रीपर्यंत गोठ्यात ठेवत नाहीत, जागा रिकामी असते. लहानपणी ती रिकामी जागा बघत बसायचो. कोण येणार हे ठाऊक असायचं, तरी वाट बघायचो.

सगळ्या धर्मांच्या लोकांनी बघावं म्हणून ते वगळत असतील, समजू शकते. पण ज्याची वाट बघायची तोच काढून टाकला की त्याच्या जागी चौकड्यांच्या शर्टातला तरुण येऊन उभा राहतो, असं मला मनापासून वाटतं.

कुडाळहून

वसईच्या ताईंनी वाट बघण्याचं लिहिलं म्हणून. आमच्याकडे जत्रेला रात्रभर दशावतार चालतो. आख्यान सगळ्यांच्या तोंडपाठ. राक्षस मरणार हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक. तरी पहाटेपर्यंत कुणी उठत नाही, कारण आज हा नट कसा बोलतो, युद्धाला पखवाज कसा वाजतो हे बघायचं असतं. दशावतारी लिहिलेले संवाद पाठ करत नाहीत, उभ्या उभ्या बोलतात. बायको हे नाताळचे सिनेमे लावते तेव्हा मी आधी वैतागायचो. आता तिच्याबरोबर तसंच बघतो : गैरसमज या वेळी कशावरून? माफी कोण आधी मागतं? एवढंच नवं असतं आणि ते पुरतं.

एडिसन, न्यू जर्सीहून

लिहू की नको असं चाललं होतं.

२०१८ च्या डिसेंबरात हे गेले. दिवस झाले, मुलं आपापल्या गावी परत गेली. मला टीव्हीवर काहीच बघवेना. बातम्यांत मरण, मालिकांत मरण. मैत्रीण म्हणाली, हॉलमार्क लाव, तिथे कुणी मरत नाही.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धंच खरं होतं. तिथे सिनेमा चालू असताना कुणी मरत नाही, पण सुरू होण्याआधी जवळजवळ नेहमी कुणीतरी गेलेलं असतं. नायकाची पहिली बायको, नाहीतर नायिकेची आई. चेष्टा करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण ते पहिल्या दहा मिनिटांत दोन वाक्यांत सांगून टाकतात. पण बाकीचा सिनेमा त्यावरच उभा असतो. त्या घरात दोन वर्षं झाड लावलेलं नसतं. माळ्यावर खोकं असतं. खोक्यात आईने केलेली शोभेची वस्तू असते आणि ती बाहेर काढायची कुणाची हिंमत नसते. मग कुणीतरी नवीन माणूस सहज विचारतं, "या खोक्यात काय आहे?"

असे किती बघितले कोण जाणे. पुढच्या दिवाळीला मी गॅरेजमधलं आकाशकंदिलाचं खोकं खाली काढलं. ह्यांनी बांबूच्या काड्यांचा सांगाडा स्वतः बांधला होता, दर वर्षी फक्त कागद बदलायचे. आत सांगाड्याला चिठ्ठी बांधलेली, त्यांच्या अक्षरात : "डावीकडची वायर सैल आहे. जपून." पुढच्या वर्षीच्या स्वतःसाठी लिहून ठेवलं असणार.

वायर मी बदलली नाही. जपून लावला. शेजारची मेक्सिकन बाई विचारायला आली, हे काय आहे, किती सुंदर आहे. तिला आत बोलावलं, चहा केला आणि पहिल्यांदा कुणालातरी ह्यांच्याबद्दल भूतकाळात सांगितलं.

मिनियापोलिसहून (धागाकर्ती)

एडिसनच्या काकू, तुमचं वाचून उठले आणि घरभर फिरून आले. लिहिलंत, बरं केलंत.

शार्लटहून

आमच्या सासूबाई साताऱ्याच्या. पूर्वी एकदा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. इंग्रजी अजिबात नाही. 'हॉलमार्क' म्हटल्यावर त्यांना सोन्यावरचा शिक्का आठवला. मी कामात असायचे आणि त्या चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करत सिनेमा बघायच्या. एकदा मी मीटिंग संपवून आले तर म्हणाल्या, "हा लाकूडतोड्या बरा आहे. तो कोटवाला सारखा घड्याळ बघतो, तो बायकोकडे काय बघणार?" कोणाची आई गेली आहे, कोण खोटं बोलतं आहे, सगळं बरोबर. मी विचारलं, आई, भाषा कळत नाही तर कसं ओळखता? म्हणाल्या, "अगं, कोण कुणाला आधी वाढतं ते बघायचं."

तेव्हापासून मी पण तेच बघते. खरंच, ज्याच्याशी लग्न होणार तो तिला कोकोचा कप आधी देतो.

लेसी शाबेर त्यांची आवडती. हॉलमार्कच्या तीसहून जास्त सिनेमांत ती आहे, त्यामुळे सासूबाईंना ती सारखी भेटायची, दर वेळी नवीन गावात. आता त्या साताऱ्यालाच असतात, गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. परवा रविवारी फोन केला. तब्येत, पाऊस, कांद्याचा भाव झाल्यावर विचारतात, "सुरू झाले का गं तुमचे ते बर्फाचे? आपल्या त्या मुलीचं यंदा कुठल्या गावात जमतंय?"

आज रात्री बघून सांगते म्हटलं.