गोखल्यांच्या प्राध्यापकीचा राजकारणात काय उपयोग झाला?

प्रश्न (भाषणाची तयारी):
कॉलेजात नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांवर दहा मिनिटं बोलायचंय. जिथे पाहावं तिथे तेच: मवाळ नेते, गांधीजींचे राजकीय गुरू, टिळकांशी मतभेद. फर्ग्युसनमध्ये त्यांनी एवढी वर्षं शिकवलं, त्याचा पुढे काही उपयोग झाला का? की तो नुसता आधीचा टप्पा? जाणकारांनी कृपया सांगावं.

गणितमास्तर:
उपयोग झाला का काय विचारता! त्या तालमीवरच त्यांचं सगळं राजकारण उभं आहे. मी जन्मभर गणित शिकवलं, म्हणून माझा जीव त्यांच्या हिशेबांत अडकलाय. शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिणारा हा माणूस सरकारचा ताळेबंदही तसाच सोडवून दाखवायचा.

२६ मार्च १९०२ घ्या. इम्पीरियल कौन्सिलात, म्हणजे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, अर्थसंकल्पावरचं त्यांचं पहिलं भाषण. तिजोरीत शिल्लक होती, आणि सरकारच्या लेखी ती देशाच्या भरभराटीची खूण होती. गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांतून उलटं सिद्ध केलं. रुपयाचा भाव घसरत १३ ब्रिटिश पेन्सांच्या आसपास आला, तेव्हा पौंडांत द्यावा लागणारा विलायतेतला सरकारी खर्च भागवायला कर वाढवले होते. पुढे रुपया वधारून १६ पेन्सांवर आला, तो खर्च हलका झाला, पण कर तसेच राहिले. शिल्लक आली ती तिथून, आणि तीही लागोपाठच्या दुष्काळांनी पिचलेल्या रयतेच्या खिशातून. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. श्रेय एकट्या गोखल्यांचं नाही, पण दरसाल नवे आकडे घेऊन तोच मुद्दा मांडायला चिकाटी लागते.

ही सवय रानड्यांनी लावली. सरकारी अहवाल वाचायचे, टिपणं काढायची, रानडे ती कसून तपासणार. म्हणून तर १८९७ साली लंडनला हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना, वय जेमतेम तीस असूनही, ते उलटतपासणीला पुरून उरले. आणि हे सगळं फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून महिना ७५ रुपयांवर शिकवत असताना! कॉलेजचा निरोप त्यांनी १९०२ साली घेतला.

शिक्षिका:
मास्तरांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक कसं सोडलं? मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी ते मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची, तीही जिथली नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल तिथेच. पालकाचं उत्पन्न महिना दहा रुपयांच्या वर नसेल तर फी माफ. मुली सुरुवातीला बाहेरच राहिल्या, हे मला आजही खटकतं. पण एवढंही सरकारला झेपलं नाही. १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळलं गेलं.

प्रश्न (भाषणाची तयारी):
दोघांचे आभार. पण मग ते हरलेच ना? भाषणात हे कसं मांडू?

गणितमास्तर:
हरले, असंच सांगा, लपवू नका. विधेयक पडणार हे त्यांना मतदानाआधीच ठाऊक होतं, आणि तसं ते सभागृहात बोललेही. आपल्या पिढीने अपयशातूनच देशाची सेवा करायची आहे, असा त्यांचा भाव होता. तरी एकेका आक्षेपाला त्यांनी आकड्यांनिशी उत्तर दिलं. बाईंनी सांगितलेली फीमाफी मात्र आवर्जून घ्या. वडील लवकर गेले, थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले, तेव्हा कोतळूकचा हा मुलगा शिकू शकला. फी भरणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दहा मिनिटंच आहेत, तर टिळकांशी झालेल्या वादाला एक वाक्य पुरे. उरलेला वेळ १९०२ चं भाषण आणि हे विधेयक यांनाच द्या.