लेडी बी गुड: विमान पाडलं गेलं नव्हतं

काहींचं म्हणणं असतं की 'लेडी बी गुड' हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बॉम्बर विमान जर्मनांनी पाडलं. तसं नाही हो. ४ एप्रिल १९४३ ला हे बी-२४ जातीचं विमान लिबियातल्या तळावरून इटलीतल्या नेपल्सवर बॉम्बहल्ल्यासाठी गेलं आणि परतताना अंधारात तळ ओलांडून पुढेच गेलं. रेडिओवरून दिशा मिळाली होती, पण सिग्नल समोरून येतोय की पाठीमागून, हे त्या यंत्रणेला कळत नसे. सगळा घोळ बहुधा तिथेच झाला.

इंधन संपत आल्यावर नऊही जणांनी उड्या मारल्या. एकाचं पॅराशूट नीट उघडलं नाही. उरलेले आठ जण जवळपास अर्धी बाटली पाण्यावर कित्येक दिवस उत्तरेकडे वाळू तुडवत राहिले. सहवैमानिक टोनर यांची डायरी नंतर सापडली. त्रोटक नोंदी, पण वाचवत नाहीत.

विमान मात्र वैमानिकाविना आणखी सुमारे २५ किमी दक्षिणेला जाऊन पोटावर उतरलं होतं. १९५९ मध्ये शोधपथक पोचलं तेव्हा आत पाणी होतं, रेडिओही चालत होता! पण चालत निघालेल्या त्या बिचाऱ्या आठांना विमान कुठे पडलंय हे कळणार कसं? आठांपैकी एकाचे अवशेष आजही सापडलेले नाहीत.